कॅसेटीचा हुंदका

लवंगेचा वास आला की मी थेट पालम गावच्या स्टेजमागं पोचतो. तरुणपणी ज्यांच्या भीमगीतांवर आमी जीव टाकला ती गायनपार्टी आली होती, आणि मी माइकच्या वायरी ओढायला. ज्यांच्या तानेनं जिंतूरपर्यंतच्या म्हशी पान्हा सोडायच्या, त्या पार्टीच्या दादांचा घसाच, लवंगा चघळूनबी, ऐनवेळी बसला. "तू गा पडद्याआडून, मी तोंड हलवतो," ते कुजबुजले. दादांची कॅसेट ऐकून ऐकून गाणं पाठच होतं, गायलो. माझी कॅसेट जिथं अडकायची तिथं सवयीनं मीबी अडकलो. मैदानाला तो दादांचा हुंदका वाटला, बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. उतरल्यावर दादा म्हणाले, "हा हुंदका माझा न्हाई." "माझी कॅसेट खराब होती, दादा." "मंग लोक कॅसेटीला रडायलेत," म्हणत ते खुर्चीत बसले. दादा असे कधीच गायले नव्हते, असं लोक अजून सांगतात. त्यानंतर ते कुठंच गायले नाहीत, हे मी सांगत नाही.