तेलाचा ताप उतरेपर्यंत

आमच्या विमानाला दोन सीटा आहेत, हे मला विमान पुरं होत आल्यावर कळलं. नकाशात त्या पहिल्यापासून होत्या म्हणे, पण नकाशे उलगडून बघायला मला कुठे वेळ होता? नवरा निवृत्त झालाय, सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या कातळी माळावरच्या, शेडमध्ये दिवसभर खटपट करतोय, माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करत नाही, एवढ्यावर मी खूष होते. विमानाचे सुटे भाग परदेशातून खोक्यांतून आले, परवानग्यांच्या फायली जाड होत गेल्या, आणि चार वर्षांनी त्या कातळावर पांढरं, लहानसं, खरोखरचं विमान उभं राहिलं.

मी आत डोकावून विचारलं, "ही दुसरी सीट कुणाची?"

"तुझी," ते म्हणाले आणि पाना शोधायला लागले.

माझं आयुष्य सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून गेलं. त्यांचं जहाजाच्या इंजिनरूममध्ये. वर्षातले आठ-नऊ महिने ते समुद्रावर, मी रत्नागिरीत. अधिकाऱ्याला बायकोला बरोबर न्यायची मुभा असायची आणि दर फेरीला ते विचारायचे, "येतेस?" आधी मुलं लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग माझी ड्युटी. मी एकदाही गेले नाही. साठी उलटल्यावर हा माणूस बाहेरगावी राहून विमान चालवायला शिकला, परवाना घेऊन आला. आता त्याला 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. भगवतीच्या किल्ल्यावर गेले तरी मी तटाच्या जवळ जात नाही. पण तीस वर्षं रक्त आणि मरण बघितलेल्या बाईने भीती वाटते म्हणून कबूल करायचं म्हणजे फार झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प राहिले आणि सबब शोधू लागले.

सबब इंजिनानेच दिली.

हे इंजिन हवेवर थंड होतं. मोटारीसारखं त्यात पाणी नसतं. त्यामुळे तेलाला दोन कामं पडतात, वंगणाचं आणि उष्णता वाहून नेण्याचं. ते इंजिनात फिरतं, तापतं, मग एका जाळीदार डब्यात वाऱ्यावर निवतं आणि परत आत जातं. फार तापलं तर पातळ होतं आणि धातूवर धातू घासायला लागतो. फार गारही चालत नाही, कारण मग आतला दमटपणा वाफ होऊन जात नाही आणि आमच्या खाऱ्या हवेत इंजिन आतून गंजतं. ऐंशी ते शंभर अंश म्हणजे प्रकृती उत्तम. एकशे अठराला लाल रेघ. आमचं विमान जमीन सोडून वर चढायला लागलं की तेल पाच मिनिटांत एकशे पंधराला जायचं.

"याला ताप आहे," मी म्हटलं. "वॉर्डात आम्ही तीन दिवस सलग ताप उतरल्याशिवाय कुणाला सोडत नसू. तीन उड्डाणं शंभरच्या आत होऊ देत. मग बसते मी."

मला वाटलं, चला, सुटले. ते मात्र खुलले. "लिहून ठेव," म्हणाले, "सही कर वाटल्यास."

मग आमचा दिनक्रमच ठरला. सकाळी वारा सुटायच्या आधी ते एकटेच उडायचे. मी शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसायची, मांडीवर वॉर्डात असायचा तसा तक्ता. ते रेडिओवर दर मिनिटाला आकडा सांगायचे आणि मी ठिपका द्यायची. "ब्याण्णव. एकशे तीन. एकशे नऊ." एकशे बाराच्या पुढे गेलं की मी रेडिओत म्हणायची, "पुरे, या खाली." आणि ते यायचे. एवढं सरळ त्यांनी माझं आधी कधी ऐकलं नव्हतं.

मदतीला एक मिस्त्री होते. बंदरावर लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, मधली बारा वर्षं आखातात पत्र्याचं काम. ते यांच्याहून मोठे, पण यांना 'साहेब' म्हणायचे आणि मला 'भाभी'. पहिल्याच दिवशी त्यांनी तक्ता बघून मान हलवली. "भाभी, आमच्या लाँचला बरं असतं. थंड करायला खाली अख्खा दर्या पडलाय. ह्याला काय, नुसती हवा."

"हवा कमी पडतेय," हे म्हणाले. हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हटलं असतं.

आधी तापमापकावर शंका घेतली. माझ्या दुधाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात तो बुडवला. काटा बरोबर शंभरावर. तापमापक खरा, पातेलं बाद. मग मोठी जाळी मागवली. दोन अंश उतरले. मग त्यांनी इंजिनावरच्या झाकणाची, म्हणजे विमानाच्या नाकाची, पुढची दोन भोकं रुंद करायला घेतली. मिस्त्री कापायचे, हे कानशीने कडा घासायचे. दोन दिवसांनी उडाले तर मी 'या खाली' म्हणेपर्यंत एकशे सतरा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण यांना वाटलं अजून कमी पडतंय. भोकं आणखी वाढवली. नाक आता डुकराच्या नाकासारखं दिसायला लागलं आणि ताप तिथल्या तिथे.

यात त्यांची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही, पण ती जहाजावरच्या माणसाची चूक होती. इंजिनरूममध्ये हवा ढकलायला वर हे एवढाले पंखे असतात. इंजिनिअर सगळा जन्म आत हवा किती येते तेवढंच बघतो. ती बाहेर कशी जाते याचा विचार त्याला कधी करावाच लागत नाही, चिमणीच्या बाजूने ती आपली निघून जाते.

मग त्यांनी नाकावर लोकरीचे तुकडे चिकटवले, वारा कुठून कसा जातो ते कळायला, आणि पंखाखाली छोटा कॅमेरा लावला. रात्री जेवणं झाल्यावर ते मला मोबाइलवर ती फिल्म दाखवत होते. सगळे धागे मागे लोळत होते. फक्त भोकांच्या तोंडाशी असलेले धागे मधूनच पुढे, बाहेर उसळत होते.

"इथे वारा जरा गोंधळतो," ते म्हणाले.

मला मात्र त्या क्षणी लख्ख कळलं. वारा गोंधळत नव्हता, दारातून परत फिरत होता. आमच्या घराचं तेच आहे. पुढचं दार सताड उघडा, खिडक्या उघडा, मागीलदार बंद असेल तर समुद्रावरचा वारा उंबऱ्यापर्यंत येतो आणि माघारी जातो. मागीलदार उघडलं की ओटीपासून न्हाणीपर्यंत घर गार. लग्न होऊन आले त्या वैशाखात सासूबाईंनी मला हे शिकवलं होतं. यांना ते माहीत असायचं कारण नाही. उन्हाळ्यात ते घरी असायचेच कधी?

विमानाच्या नाकात हवा शिरायला दोन मोठी दारं आणि बाहेर पडायला खाली, मागच्या बाजूला, चार बोटांची फट. मागीलदार बंद होतं.

मी मोबाइल परत दिला आणि भांडी घासायला उठले.

तीन आठवडे मी काही बोलले नाही. हे लिहितानाही लाज वाटते. रोज सकाळी तक्त्यावर ठिपके देत होते, ठिपका शंभराच्या वर गेला की मनात हायसं वाटत होतं. आयुष्यभर ताप उतरावा म्हणून पट्ट्या ठेवल्या आणि आता चढावा म्हणून बघत बसले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मिस्त्रींनी सहज "काय भाभी?" म्हटलं तरी मी दचकायची.

शिमगा झाला. सकाळी आठलाच कातळ पोळायला लागला. हे हळूहळू गप्प झाले. आधी जेवताना आकडे सांगायचे, ते बंद झालं. एका दुपारी मी पडवीत आले तर विमानाची दुसरी सीट तिथे ठेवलेली. गादी, पट्टे, सगळ्यासकट, भिंतीला टेकवून.

"ही का काढलीत?"

"वजन कमी होईल," ते म्हणाले. "एकट्यापुरतं हलकं असलं तर चढताना कमी तापेल. नाहीतरी..." पायातल्या चपला काढून नीट जोडीने ठेवल्या आणि आत गेले.

मला हवं होतं ते मिळालं होतं. कुणी मला आता आकाशात नेणार नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि त्या सीटकडे बघून मला रडू आलं. तीस वर्षं 'येतेस?' म्हणून विचारणारा माणूस आज पहिल्यांदा विचारायचं थांबला होता, आणि थांबवलं मी होतं.

आत जाऊन मी मागीलदार लावून घेतलं.

"अगो, उकडतंय, लावतेस काय?" ते पलंगावरून म्हणाले.

"पुढचं उघडं आहे ना? मग येऊ दे की वारा."

"येत नाहीये."

"का येत नाहीये?"

ते वैतागून उठून बसले. मी दार उघडलं. वारा आला, कॅलेंडर फडफडलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग कॅलेंडरकडे, मग परत माझ्याकडे. इंजिनिअरला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"फिल्म बघितली त्या रात्रीच मला कळलं होतं," मी म्हटलं. "मुद्दाम बोलले नाही. मला भीती वाटते हो. उंचीची. पहिल्यापासून."

मला वाटलं चिडतील. चिडायला हवं होतं. ते पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसले. मग म्हणाले, "भीती वाटते तर तसं सांगायचं. तेलावर कशाला ढकललंस बिचाऱ्या?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खालची फट चांगली वीतभर रुंद केली आणि तिच्या कडेला ओठासारखी बाहेर वळलेली पत्र्याची पट्टी बसवली, वाऱ्याने आतली हवा ओढून घ्यावी म्हणून. पुढची भोकं पत्रा लावून पुन्हा लहान केली. "बारा वर्षं आखातात हवेचे डक्ट बनवले मी," ते कपाळावर हात मारून म्हणाले, "नि घरच्या बाईनं शिकवलं. कुठं सांगू नका, भाभी."

त्याच्या दुसऱ्या सकाळी रेडिओवर आकडे आले. "ब्याऐंशी. नव्वद. चौऱ्याण्णव. शहाण्णव. शहाण्णव. शहाण्णव." तिसऱ्या शहाण्णवला त्यांचा आवाज जरा हलला. पुढचे दोन दिवस सत्त्याण्णव आणि पंच्याण्णव. वॉर्डाच्या नियमाप्रमाणे रुग्णाला सुट्टी द्यायला हवी होती.

त्यांनी विचारलं नाही. सीट पडवीतच होती. चौथ्या दिवशी सकाळी ती मीच उचलून गाडीत घातली.

मिस्त्रींनी सीट जागेवर बसवली आणि माझे पट्टे दोनदा ओढून बघितले. इंजिन सुरू झालं, कातळ मागे पळायला लागला आणि मग खालचा खडखडाट एकदम थांबला. मी डोळे मिटले नाहीत. ते तेलाच्या काट्यावर ठेवले. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. पंच्याण्णव. दोघांचं वजन होतं, काटा थांबेना.

"शंभर गेलं!" मी ओरडले. "एकशे दोन!"

"बघितलं गो. नाक जरा खाली घेतो. वेग वाढला की वारा वाढेल."

नाक खाली आलं. काटा थबकला, मागे आला. नव्याण्णव, सत्त्याण्णव. मी श्वास सोडला, पण नजर सोडली नाही. मधे ते काहीतरी दाखवत होते, हात करत होते, मी "हो, हो" म्हणत होते. वीस मिनिटं मी तो काटा धरून ठेवला. चाकं जमिनीला लागली तेव्हा तो त्र्याण्णववर होता.

इंजिन बंद करून त्यांनी कानावरचे हेडफोन काढले. चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "मग? कसं दिसलं?"

"सत्त्याण्णव," मी म्हटलं.

"अगो, समुद्र कसा दिसला? आपलं घर दाखवलं मी तुला. मिऱ्या बंदराच्या वळणावर होड्या येत होत्या."

मला खोटं बोलवेना. "मी काटाच बघत होते. दुसरं काही नाही बघितलं."

ते हसतील असं वाटलं. हसले नाहीत. समोरच्या तापलेल्या काचेकडे बघत म्हणाले, "मी पण तीस वर्षं तेवढंच बघितलं. वर समुद्र होता, असं लोक सांगायचे."

तीस वर्षं मी या माणसाचा मनातून हेवा केला होता. मी बेडपॅन उचलायची आणि हा जग हिंडायचा. तो जहाजाच्या तळाशी काट्यासमोर बसून होता, आणि 'येतेस?' हे तो का विचारत होता ते मला त्या दिवशी त्या गरम काचेमागे बसून समजलं. फार उशिरा समजलं, आणि फार वाईट वाटलं.

मिस्त्री मला खाली उतरवायला हात पुढे करून उभे होते.

"पेट्रोल आहे?" मी यांना विचारलं.

"आहे."

"मग परत चला. या खेपेला आकडे तुम्ही सांगा, समुद्र मी सांगते."

आणि सोडलेला पट्टा मी परत लावून घेतला.