तेलकट वहीतली थाई

याय उठली, माझ्या पायांवरून बाळ उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. बाळाच्या अंगाला अजून तेल होतं. उजवा पाय चोळून झाला होता, डावा राहिला होता.

याय म्हणजे थाई भाषेत आईची आई. तिची मुलगी प्लोय ही माझी बाळंतीण. मुलीच्या बाळंतपणासाठी याय थायलंडमधल्या तिच्या खेड्यातून बाणेरला आली होती. प्लोयचा नवरा चाकणला कारखान्यात इंजिनिअर, तो सकाळीच गेलेला. प्लोय अंग चोळून झाल्यावर गाढ झोपलेली. मी पाय पसरून तशीच बसून राहिले. मालिशीचा तो आठवा दिवस होता.

बाळ-बाळंतिणीची मालिश हे माझं काम. एका घरी चाळीस दिवस जायचं. आधी आईचं अंग चोळायचं, मग बाळाचं. मग टाळू भरायची, म्हणजे बाळाच्या डोक्यावरच्या मऊ जागेत तेल जिरवायचं. मग आंघोळ, शेक, धुरी. लोकांना वाटतं हे हातांचं काम आहे. पण बाळंतीण पालथी झोपलेली असते, तिचा चेहरा दिसत नाही. दुखतंय का, इथं का, जोर कमी करू का, हे विचारावंच लागतं. मी एरवी फार बोलत नाही. घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाते ती ते गेल्यावरच बाहेर येते. पण हे तीन प्रश्न मात्र मी विचारते.

फार वर्षांपूर्वी येरवड्याला एका तमिळ मुलीकडे जात होते. तिला माझं कळत नव्हतं, मला तिचं. सहाव्या दिवशी ती उठली तेव्हा उशी ओली होती. नंतर कळलं, तिच्या कमरेत एका जागी दुखत होतं आणि मी रोज नेमकी तिथंच दाबत होते. इथली पद्धतच अशी असेल म्हणून ती बिचारी सोसत होती. तेव्हापासून मी ठरवलं, जिची भाषा येत नाही तिच्या अंगाला हात लावायचा नाही.

प्लोय भेटली ती लिफ्टमध्ये. तिला सहावा महिना होता. त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमकडे मी मालिशीला जात होते. माझ्या पिशवीतून तेलाचा वास येत होता. तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि माझा हात उचलून स्वतःच्या पाठीवर ठेवला. मला नाही म्हणायचं होतं. लिफ्ट वर जाईपर्यंत हात तिथंच राहिला.

तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमना मी हे सांगितलं, आधी तिची भाषा शिकावी लागेल म्हणाले. त्यांनी मोबाइलवर शोधून काढलं की विद्यापीठात शनिवार-रविवार संध्याकाळी थाईचा वर्ग असतो. फॉर्म त्यांनीच भरला. तो घेऊन मी ऑफिसात गेले, तर खिडकीतल्या क्लार्कनी चष्मा वर केला.

"शिक्षण?"

"चौथी."

"पास की नापास?"

"पास."

"मग तुम्हाला पीएच.डी.लाच घ्यायला हवं. इथं बारावी लागते, मावशी."

मी फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. शिकवणाऱ्या बाई मागेच उभ्या होत्या. त्या पुण्याच्याच, पण बरीच वर्षं बँकॉकला राहिलेल्या. थाई कशाला हवी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, परीक्षा देता येणार नाही, सर्टिफिकेट मिळणार नाही, मागच्या बाकावर बसता येईल. मला मागचाच बाक हवा होता.

ते तीन महिने मी कुठे होते ते मला नीट सांगता येणार नाही. वारज्याहून बस बदलून जायचे. झाडांच्या बोगद्यासारखा रस्ता, आणि त्याच्या टोकाला दगडी इमारत. वर्गात पंखा हळू फिरायचा. बाई एक शब्द म्हणायच्या, सगळे मागून म्हणायचे. तो शब्द वर चढायचा, थोडा थांबायचा, खाली उतरायचा. पाळणा हलवताना दोरी जशी हाताला ओढ देते तशी ओढ त्या भाषेला होती. बाकीचे आयटीतले, बँकॉकला जाणारे. ते भराभर लिहायचे. मी अक्षरं काढत बसायचे. थाई अक्षराच्या सुरुवातीला एक बारीक गोल असतो. बाळाच्या कानामागे जावळ जसं वळतं, अगदी तसा. एकेका गोलात माझा जीव रमायचा. खिडकीबाहेर उजेड निळा व्हायचा आणि मला वाटायचं, मी चौथीतून कधी उठलेच नाही, फक्त बाहेरचं झाड मोठं झालं.

माझ्या बोटांना तेल असायचंच. वहीला बोट लागलं की तिथला कागद आरपार दिसायचा, मागच्या पानावरची अक्षरं पुढच्या पानात यायची. काम करतानाही आकडे थाईत मोजायचे. बाळं ऐकत ऐकत झोपायची.

प्लोयचं बाळंतपण झालं. पहिल्या दिवशी ती पालथी झोपली तेव्हा मी थाईत विचारलं, दुखतंय का? तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग न थांबता सांगू लागली. निम्मं कळलं. तेवढं पुरलं. याय मात्र रोज समोर बसून माझ्या हातांवर नजर ठेवायची. बोलायची नाही. आठव्या दिवशी मला वाटलं, तिच्याशीही बोलावं. तिसऱ्या धड्यात एक वाक्य होतं. बाळ किती सुंदर आहे. मी ते वर्गात बाईंनी शाबासकी द्यावी इतकं स्वच्छ म्हटलं.

आणि यायने बाळ उचललं.

चूक काय झाली ते मला कळेना. काम गेलं, हे कळलं. प्लोयच्या पाठीचे बत्तीस दिवस राहिले होते. उठावं म्हणून पिशवी आवरायला घेतली, तेल, डाळीचं पीठ, वेखंड, काजळाची डबी. डबी हातात आली आणि मी थांबले.

इतक्या वर्षांत मी एकाही बाळाला सुंदर म्हटलेलं नाही. मराठीत माझी जीभच वळणार नाही. पायांवर बाळ घेतलं की मी म्हणते, काय हे काळं माकड, नाक बघा नाक. दृष्ट लागू नये म्हणून आम्ही असंच बोलतो. एखाद्या शेजारणीने स्तुती केलीच, तर घरातल्या आजीचा चेहरा असाच होतो. आणि मी तिऱ्हाईत बाई, उघड्या बाळाकडे बघत, तोंडावर सांगितलं होतं. थाईत बोलताना माझ्या लक्षातच आलं नाही, की त्या भाषेतही आज्या असतात.

मी दार वाजवलं. यायने ते हातभर उघडलं. डबी उघडून पुढे धरली आणि स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून दाखवलं. तिने काजळाचा वास घेतला. बोटावर घेऊन चोळून पाहिलं. मग तिने बाळाच्या कपाळावर तीट लावली, चांगली रुपयाएवढी. नंतर कळलं, त्यांच्या गावात संध्याकाळी बाळाला बाहेर नेताना पातेल्याच्या बुडाची काजळी लावतात.

मी बाळाकडे नीट पाहिलं. उलट शब्दांचा पाठ आठवला.

"फार कुरूप आहे," मी थाईत म्हटलं.

यायचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"फार," ती म्हणाली. "नाक बघ."

आणि बाळ माझ्या पायांवर परत ठेवलं. मी डावा पाय चोळायला घेतला.

चाळीस दिवस पुरे झाले. मी निघताना यायने माझी डबी मागून घेतली. वर्ग अजून चालूच होता. तिथं मी हे सांगितलं तेव्हा आयटीतली मुलं खूप हसली. बाईंनी मात्र तिसऱ्या धड्यातलं ते वाक्य फळ्यावर लिहून त्याच्याखाली लिहिलं, बाळाच्या आजीसमोर म्हणू नये.

सर्टिफिकेट मिळालं नाही. पुढे त्याच क्लार्कच्या मुलीचं बाळंतपण आलं, तेव्हा त्यांचा फोन आला. म्हणाले, "मावशी, आमच्याकडे मराठी बोलतात. चालेल ना?"

मी हो म्हटलं. थाईच्या वहीत थोडी पानं उरली होती, त्यांच्यावर हे लिहून ठेवते आहे. शिकलेलं वाक्य परक्या घरी म्हणण्याआधी एकदा आपल्या भाषेत म्हणून बघावं. आपल्या घरच्या आजीसमोर जे म्हणवत नाही, ते तिथंही गिळावं.

क्लार्कच्या नातवाचं नाक खरंच बसकं आहे. पण तिथं मी आपणहून सांगायच्या आधीच आजोबांनी सांगितलं.