कमरेवरच्या जांभळ्या खुणा

वाल्मीक शेजवळ भिवंडीत लूम दुरुस्त करायचा. शहाण्णव साली त्याला गुदाशयाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी पाच आठवडे लाईट, म्हणजे मशीनच्या किरणांचा शेक, आणि जोडीला सलाईनमधून औषध. गाठ आकसली की मगच ऑपरेशन. लाईट कुठे द्यायची त्याच्या जांभळ्या खुणा त्यांनी त्याच्या कमरेवर काढल्या आणि त्या जपायला सांगितलं.

पहिल्याच रविवारी हा शहाणा सवयीने अकलोलीच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून आला. आजवर शिफ्टचा शीण तिथेच उतरायचा. त्या दिवशी खुणाही उतरल्या.

सोमवारी तो लाईटच्या टेबलावर मान खाली घालून बसला. बाई रागावल्या नाहीत. अर्धा तास मापं घेऊन त्यांनी सगळ्या खुणा पुन्हा काढल्या. बायको कमळाबाई मात्र म्हणाली, "आता तुमच्या आंघोळीला मी हाय." उरलेले सगळे आठवडे खुणांची जागा कोरडी ठेवून तिने त्याला न्हाऊ घातलं. पुढे ऑपरेशनही नीट पार पडलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. खुणा केव्हाच गेल्या. तरी त्याची पाठ घासताना कमळाबाईचा हात अजून कमरेशी येऊन थांबतो, आणि 'आता खुणा नाहीत, घास' असं वाल्मीक तिला सांगत नाही.