सलामाचं उत्तर

आमच्यात घरी आलेला माणूस दारातून सलाम म्हणतो आणि घरातल्यानं उलट सलाम म्हणायचा असतो. इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांची ही रीत. भांडण असलं तरी सलाम घेतला की निम्मं मिटलं असं धरतात. घेतला नाही तर तो माणूस उंबऱ्यावरच राहिला, मग त्याला आत बसवून पाणी का दिलेलं असेना.

माझे पप्पा स्वतःच्या सख्ख्या भावाच्या उंबऱ्यावर असे कितीतरी वर्षं राहिले.

कारण आजी. ती औषधपाण्यासाठी शहरात आमच्याकडं आली होती आणि ऐन मे महिन्यात आमच्याच घरात गेली. काका, म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ, फुलंब्रीच्या पुढं आमच्या गावी शेती करतात. त्यांनी फोनवर सांगितलं की आईला गावी आणा, मी बापाच्या शेजारी जागा खणायला घेतो. पप्पा हो म्हणाले. पण गाडी मिळेना, ऊन मी म्हणत होतं, आणि चर्चच्या मंडळीतली जाणती माणसं म्हणायला लागली की आता थांबण्यात अर्थ नाही. पप्पांनी घाई केली. आजीला इथल्याच कब्रस्तानात माती दिली आणि मग भावाला कळवलं. तिकडं काका खणलेल्या कबरीपाशी वाट बघत उभे होते. ती रिकामी कबर त्यांनी एकट्यानं बुजवली. आईच्या अंगावर आपल्या हातची मूठभर माती पडली नाही, हे दुःख लहान नाही, हे मला कळतं. पण म्हणून जन्मभर?

पप्पा वाळूजच्या एका कंपनीत फिटर होते. मंडळीत बोलणाऱ्यातले नव्हते. कुणी प्रार्थना करा म्हटलं की घसा खाकरायचे आणि दोन वाक्यांत आमेन. बायबल मात्र ते मशीनवरची सूचना वाचावी तसं वाचायचे. सांगितलंय ना, मग करायचं. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर वेदीपाशी येण्याआधी त्याच्याकडं जाऊन ये, हेही त्यांनी तसंच वाचलं. आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा खायचा. आदल्या शनिवारी पप्पा फुलंब्रीची एसटी धरायचे, पुढं मिळेल त्या वाहनानं गावात. दारात उभं राहून सलाम म्हणायचे. काका मान खाली घालून बाज सरकवायचे, काकू पाण्याचा तांब्या आणायची. सलाम काही परत यायचा नाही. थोरला भाऊ धाकट्याच्या दारात! ते घरी आले की आई आधी ताट वाढायची. रविवारी भाकरीच्या तुकड्यांची ताटली बाकावरून फिरत आली की पप्पा ती दोन्ही हातांनी घ्यायचे आणि तुकडा न उचलता तशीच माझ्याकडं द्यायचे. मी खायची, आणि खाताना माझं डोकं तापायचं.

चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा घरी येऊन समजावलं की तुमच्याकडून होतं ते तुम्ही केलं, देव मन बघतो, आता घेत चला. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समेट कर म्हणलंय, साहेब. समेट करून बघ असं नाय म्हणलेलं." साहेब चहा पिऊन गेले.

मी तर उघड भांडायची. माझा राग नाकावर, ते सगळ्या मंडळीला माहीत आहे. मी म्हणायची, लोकांना वाटतं तुमच्या हातून काहीतरी काळंबेरं झालंय म्हणून तुम्ही भाकरी घेत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एकदा विचारलंच, की तुम्हाला त्या भावाचा राग येत नाही का.

"लई येतो," पप्पा म्हणाले. "एसटीत बसल्यापासनं येतो. पण पाय जातेत ना? मन येईल मागनं."

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी काही दिवस ठेवून घेतलं आणि घरी न्यायला सांगितलं. आता काय ते आम्ही समजलो. पप्पांनी काही मागितलं नसतं, पण पहिला रविवार आला आणि ते भिंतीकडं तोंड करून रडले. त्यांना तो तुकडा हवा होता. पाळकसाहेब प्रभुभोजन घरी आणायला तयार होते. पप्पा म्हणाले, भाऊ येऊ द्या.

तेव्हा मी गेले. क्रांती चौकात एका चष्म्याच्या दुकानात मी काम करते, तिथून निम्म्या दिवसाची सुट्टी काढली आणि गाव गाठलं. काका गोठ्यात कडबा तोडत होते. मी सांगितलं की पप्पांना आता उठून बसवत नाही, तुम्ही फक्त या आणि सलाम घ्या, बाकी काही बोलू नका. काकांचा हात थांबला नाही. तोडता तोडताच म्हणाले, "कापूस आवरला की येतो."

तेवढंसुद्धा मी आनंदानं घरी आणलं. पप्पांनी दाढी करून मागितली. इस्त्रीचा सदरा घातला. खाट दाराकडं तोंड येईल अशी फिरवायला लावली, आणि जिन्यात पाऊल वाजलं की उशीवरून मान उचलायचे. कधी दूधवाला असायचा, कधी शेजारीण. आई रोज सदरा बदलायची. कापूस काही आवरला नाही. पप्पा गेले तेव्हा त्यांचे डोळे दाराकडंच होते, आणि ते मी मिटले.

काकांना कळवायचंच नाही, असं मी म्हणत होते. आईनं कळवलं, आणि सगळ्या लोकांसमोर सांगितलं की दीर आल्याशिवाय माती द्यायची नाही. दुपार टळली. लोक कुजबुजायला लागले, पाळकसाहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. आई हलली नाही. "एकदा घाई केली," ती म्हणाली, "त्यात यांचा जन्म गेला."

ऊन उतरल्यावर काका आले. कुणाकडं न बघता कबरीशी गेले, वाकून माती घेतली, आत सोडली आणि मोठ्यानं सलाम म्हणाले. जिवंतपणी एवढा आवाज का नाही निघाला, असं त्यांची गचांडी धरून विचारावंसं मला वाटलं. आईनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

त्यानंतरच्या महिन्यात, पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, दार वाजलं. दारात काका, हातात टोपी. "सलाम." आईनं सलाम घेतला. मी स्वयंपाकघरात निघून गेले. ते बसले, पाणी प्यायले, माझी वाट बघितली आणि गेले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. काकूनं आईला सांगितलं की गावातल्या चर्चमध्ये ते आता ताटली पुढं सरकवतात. थोरल्याच्या पोरीचं मन माझ्याविषयी साफ नाय, म्हणतात. इकडं मीही भाकरी घेईनाशी झाले होते. पप्पांचं बघून नव्हे. घशाखाली उतरतच नव्हती.

गेल्या शनिवारी काका आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. ती वळली नाही. म्हणाली, "तुझे पप्पा मनात आलं म्हणून जात नव्हते."

एवढंच. मी ओट्याला धरून उभी राहिले. मनात काहीही आलं नाही, खरं सांगते. माया नाही, दया नाही, प्रभूचा आवाज वगैरे तर नाहीच. नुसते पाय उचलले आणि बाहेर गेले. काका टोपी घालून निघायच्या बेतात होते.

"सलाम, काका," मी म्हणाले. "जेवून जा."

ते खुर्चीत बसले आणि टोपीत तोंड लपवून पोरासारखे रडले. मी वाढलं. राग होता तिथंच होता, पण भाकरी गरम वाढली.

दुसऱ्या दिवशी ताटली फिरत आली. माझ्या शेजारची पप्पांची जागा रिकामी होती, म्हणून पलीकडच्या बाईंनी हात लांब करून ती मला दिली. मी तुकडा उचलला. तिकडं गावात काकांनीही उचलला असेल. आम्ही दोघं जेवलो, आणि ज्याला भूक होती तो उपाशी गेला.