एकशे बेचाळीस मते आणि अकरा साचे

त्यांना सगळे कवळीवाले म्हणतात. चौतीस वर्षे ते एकाच खोलीत, एकाच खिडकीखाली बसून कवळ्या करत आले. भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे आणि प्रत्येक जबड्याच्या तळाशी खिळ्याने कोरलेले गिऱ्हाइकाचे नाव व माप घेतल्याची तारीख. गिऱ्हाईक वारले तरी साचा फळीवरून हलत नसे. "कधी कुणाची कवळी मोडेल, सांगता येतं का?" असे ते म्हणत. वारलेल्याची कशी मोडेल, हे बायकोने अनेकदा विचारून पाहिले होते.

गेल्या वर्षी सरकारने नियम केला: तोंडात हात घालून माप घ्यायचे ते पदवीधर दंतवैद्यानेच. कवळीवाल्यांकडे पदवी नव्हती. ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्यांच्याकडेही नव्हती. त्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. पंचवीस वर्षांहून जास्त काम केलेल्यांना सूट द्या, एवढीच मागणी. मार्चमध्ये अंतरिम आदेश आला. निकाल लागेपर्यंत जुन्या कवळ्या दुरुस्त कराव्यात, नवे माप घेऊ नये. जो घेईल त्याचे नाव सूट मिळणाऱ्यांच्या यादीत येणार नाही. शिवाय न्यायालयाने आरोग्य खात्याला बजावले, की लोकांना काय वाटते तेही विचारा.

जूनमध्ये खात्याने मते मागवली. मुदत एक महिना.

"लोकांचं मत काय, आपल्या खुर्चीतच बसतं," कवळीवाले म्हणाले आणि कामाला लागले.

मतांना तोटा नव्हता. इस्त्रीवाला म्हणाला, "जजसाहेबांचे स्वतःचे दात शाबूत असणार. त्यांना काय पडलंय?" एक निवृत्त बसचालक म्हणाले, "सरकारला आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवू दे, मग माझ्या तोंडातले बघू दे." शिवणकाम करणाऱ्या बाई मात्र तासभर हातातल्या सदऱ्याला काजे करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "माझ्या भावाचा जबडा असल्याच एका बिनपदवीवाल्याने सडवला. नियम हवाच, काका. फक्त तुम्हाला नको."

"तसंच लिहू?"

"तसंच लिहा."

त्यांनी सुनेकडून तसेच लिहून घेतले.

खात्याच्या अर्जात एक रकाना होता: विषयाशी आपला संबंध. अक्षर चांगले म्हणून अर्ज सून भरत होती. या रकान्याशी आले की कवळीवाले उठत, फळीवरून साचा काढत, उलटा करून वाचत. "लिही. वरची-खालची पूर्ण कवळी. माप अमुक तारखेला."

"बाबा, तारीख कशाला हवी?"

"तारखेशिवाय कोण विश्वास ठेवतं?"

एकशे बेचाळीस अर्ज झाले. गठ्ठा त्यांनी स्वतः खात्यात नेऊन दिला, पोच घेतली आणि ती आरशाच्या कोपऱ्यात खोचली.

आता या घरात सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट. मार्चनंतरही त्यांनी अकरा जणांची मापे घेतली होती. सरकारी दवाखान्यात सहा महिने नंबर लागत नव्हता आणि माणसे दारात उभी राहत. नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. ते अकरा साचेही नेहमीसारखेच फळीवर गेले, नाव आणि तारखेसह. आणि तिथून, सुनेच्या वळणदार अक्षरात, अर्जांवर.

ऑगस्टमध्ये नोटीस आली. अकरा नावे, अकरा तारखा. सोमवारी तपासणी.

बायकोने ती दोनदा वाचली. "अहो, आपल्याच हाताने लिहून दिलंत?"

ते खुर्चीत बसले, गिऱ्हाइकाच्या.

"फोडून टाका," ती म्हणाली. "साचेच नसले तर तारखा चुकून पडल्या म्हणता येईल. सुनेची चूक म्हणा. ती काही रुसणार नाही."

रविवारी सकाळी त्यांनी दार लावून घेतले, जमिनीवर पोते अंथरले आणि हातोडी घेतली. चौतीस वर्षांत एकही साचा फोडला नव्हता. पहिला फुटायला तीन घाव लागले, पुढचे एकेका घावात फुटले. दहा झाले. अकरावा त्यांनी हातात घेतला आणि पोत्यावर ठेवलाच नाही.

"आता काय?"

"मास्तरांचा आहे. कवळी अजून मेणातच आहे, पक्की व्हायची आहे. साचा गेला तर होणार नाही."

"परत माप घ्या."

"कुठे? तुरुंगात?"

मास्तर शेजारच्या गल्लीतले, सत्त्याऐंशी वर्षांचे. बायको गेलेली, तोंडात एक दात नाही. पाच महिने पाव चहात भिजवून खात होते. कवळीवाल्यांनी साचा पुढ्यात घेतला आणि दिवसभर काम केले. उद्या सकाळपर्यंत दात बसून कवळी पक्की झाली तर हाही फोडता येईल, असा त्यांचा हिशेब होता. संध्याकाळी समोरचा एक दात वाकडा बसला. त्यांनी मेण वितळवले, सगळी रांग काढली आणि पहिल्यापासून सुरू केले. बायको म्हणाली, "एवढा तेवढा वाकडा चालेल हो." त्यांनी दिवा जवळ ओढला.

सोमवारी दहा वाजता निरीक्षक बाई आल्या तेव्हा रांगेत चार दात बसायचे होते. बाई सभ्य होत्या. त्यांनी फळीवरच्या धुळीतले अकरा रिकामे गोल पाहिले आणि आकडा वहीत टिपला. मग पुढ्यातला साचा उचलला, उलटा केला. तारीख मेमधली.

"ही चुकून पडली का?"

बायकोने कवळीवाल्यांकडे पाहिले. "नाही," ते म्हणाले. "साच्यावरची तारीख बरोबर असते."

बाईंनी साचा आणि मेणातली अर्धी कवळी पिशवीत घालून पिशवी सीलबंद केली. पंचनाम्यावर सही घेतली.

मास्तर दारात येऊन उभे होते. आज कवळी मिळेल म्हणून स्वच्छ सदरा घातला होता. सगळे समजल्यावर काठी टेकत ते पुढे आले. "बाई, माझं मत पुन्हा लिहून घ्या," ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द ओले येत होते, पण कळत होते. "माझी हरकत नाही. तोंड माझं आहे ना? मग माझी हरकत नाही, असं लिहा."

"मुदत जुलैमध्ये संपली, आजोबा."

"मग ती कवळी तरी द्या."

"ती पुरावा आहे."

"परत कधी मिळेल?"

"केस संपल्यावर."

मास्तरांनी मान हलवली आणि कवळीवाल्यांकडे वळून विचारले, "मग मी थांबू का?" कवळीवाले पोत्यावरचा प्लास्टरचा चुरा गोळा करत होते.