मोहाची दहावी प्रत

फ्रेमच्या दुकानात दोन गोष्टी रोज झाडल्या तरी साचतातच. एक भुसा, दुसरे किस्से. भुसा बाहेर टाकता येतो, किस्से कुणावर टाकणार? बसा, चहा सांगितलाय.

शहाद्यात एस.टी. स्टँडच्या मागं माझं दुकान, अब्बांच्या वेळेपासूनचं. अब्बांचा एकच कायदा होता, बिनाकाचेची फ्रेम या दुकानातून बाहेर जाणार नाही. भिंतीवर देव, मक्का-मदिना, धबधबे आणि गुबगुबीत बाळं. मग एक दिवस मंदामॅडम आल्या. आयुष्यभर डोंगरातल्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. सातपुड्यातल्या झाडाझुडपांचे फोटो काढतात, कापसाच्या जाड कागदावर मोठे छापून आणतात आणि एका फोटोच्या दहाच प्रती काढतात. खाली पेन्सिलनं नाव, नंबर, सही.

"रफिकभाई, एक भिंत द्या."

मी धबधबे उतरवले. बाजारात बोंबाबोंब! "रफिक येडा झाला, पालापाचोळा विकतोय!" म्हटलं, हो, विकतोय. माझी भिंत, माझा खिळा. तुमच्या पोटात का दुखतं?

*

पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. फोटो फ्रेमपेक्षा बोटभर मोठा होता. खालची पांढरी पट्टी रिकामीच दिसत होती, कटर फिरवला आणि कापून टाकली. सही गेली, नंबर गेला.

मॅडमनी फोटो हातात घेतला, बघितला आणि माझ्यासमोर टराटरा फाडला.

"अहो, नवा छापा की! खर्च माझा."

"दहा म्हणजे दहा, रफिकभाई. आता या फुलाच्या नऊच."

तेव्हापासून मॅडमच्या कागदाला कटर लावताना मी आधी बिस्मिल्ला म्हणतो.

*

तापीकाठचे एक केळीवाले काका मुलीच्या लग्नाचा फोटो फ्रेम करायला आले. भिंतीकडं बघून थबकलेच.

"भाऊ, हाई ते गवत शे! आम्ही निंदीसन फेकतस, अन तू काच लाईसन विकी ऱ्हायना?"

मॅडम तिथंच स्टुलावर बसल्या होत्या. "काका, किती वर्षं निंदताय?"

"जलम गया मन्हा!"

"आणि ते गवत?"

काकांनी जरा विचार केला. "दरसाल येस, मायनं!"

"मग फोटो कुणाचा लावायचा? हरणाऱ्याचा?"

काका असे हसले, की डोळ्यात पाणी. मुलीचा फोटो राहिला बाजूला, गवत घेऊन गेले. आता म्हणे हॉलमध्ये लावलंय आणि पाहुण्यांना सांगतात, हा माझा जुना दुश्मन.

*

एक गुरुजी आले. पळसाचा फोटो पसंत पडला, पैसेही काढले. मग चष्मा लावून खालचा नंबर वाचला आणि तोंड उतरलं.

"दहापैकी दोन? नापास झालेला फोटो मला देता?"

मी समजावलं, गुरुजी, हे मार्क नाहीत, दहा प्रतींमधली ही दुसरी. त्यांनी मान डोलावली, सगळं समजलं म्हणाले. मग हळूच, "ते ठीक आहे. पण मला दहापैकी दहावालाच द्या!"

गावाला तेच खूळ लागलं. जो तो दहावी प्रत मागायचा.

*

आणि सगळ्यात जास्त मागणी मोहाच्या दहाव्या प्रतीला. हा मोह नर्मदेच्या काठचा, मणिबेलीकडचा. धरणाचं पाणी तिथवर चढायच्या आधी मॅडमनी फोटो काढलेला. फांद्यांना फुलांचे घोस लटकलेत, खाली पेन्सिलनं लिहिलंय, 'खेमाचा मोह'. डोंगरात मोहाला मालक असतो, कुणाचं झाड कुठलं ते सगळ्यांना ठाऊक. पुढं पाणी चढलं आणि झाड बुडालं. खेमादादा काही गाव सोडून गेले नाहीत. घर वर टेकडीवर सरकवलं आणि तिथंच राहिले.

नऊ प्रती विकल्या. दहावी मॅडमनी कपाटात ठेवली. "ती खेमादादांची." डोंगरातल्या मोलगीच्या प्रत्येक आठवडी बाजाराला निरोप जायचा. दोन वर्षं झाली, माणूस येईना.

तेवढ्यात एका नव्या बंगल्याची शेठाणी गाडीतून उतरली. मोह हवा, दहावाच हवा, पाहिजे ती किंमत देते म्हणाली. "फक्त खालचं नाव तेवढं खोडा. हा खेमा कोण? आमच्या हॉलमध्ये त्याचं काय काम?"

मॅडम म्हणाल्या, "त्याच्या झाडाचं काय काम आहे मग?"

गाडी गेली. मी चिडलो. खरं सांगतो, जाम चिडलो. "मॅडम, तो माणूस यायचा नाही! हयात तरी आहे का, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही ठाऊक," मॅडम म्हणाल्या आणि कपाटाला कुलूप लावलं.

*

मग गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारा दारात उभा. आधी होडी, मग जीप, मग एस.टी. खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी.

"मास्तरीणबाई इथं बसते?"

मॅडम धडपडत उठल्या. फोटो टेबलावर ठेवला. खेमादादांनी वाकून बघितलं. मग एका फांदीवर बोट ठेवलं. "इथून मी पडलो होतो. हात मोडला." पुढच्या फांदीवर बोट. "इथं मायनं पाळणा बांधला."

त्यांनी कनवटीचे पैसे काढले. मॅडम नको नको म्हणत होत्या, रडत होत्या.

"माझी फुलं कुणी वेचली तर मोल घेतल्याशिवाय मी सोडलं असतं का? मग तू का सोडते? घे."

डोंगरातली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात. मॅडमनी गुपचूप पैसे घेतले.

मी दुकानातली सगळ्यात भारी सागाची फ्रेम काढली. सगळ्यात चांगली काच पुसून पुसून बसवली, खिळे ठोकले आणि ट्यूबलाइटखाली धरली. काच नुसती झळाळत होती. वाटलं, अब्बा असते तर पाठ थोपटली असती.

खेमादादांनी मान इकडं केली, तिकडं केली. तोंड पडलं.

"काच काढ, भाऊ."

"अहो दादा, धूळ बसेल, कीड लागेल! बिनाकाचेची फ्रेम या दुकानातून—"

"आत्ता तर मोह बाहेर आला," ते म्हणाले. "परत पाण्याखाली घालतो का?"

मी पक्कड शोधायला लागलो.