माझ्या चकल्या आणि डॉलर

नगरच्या आमच्या चर्चमध्ये एक रीत आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की बायका अंगणातल्या लिंबाखाली थांबतात आणि मी चकलीचा भाव मोठ्यानं सांगते. भाव एकच, पाळकांच्या बायकोलासुद्धा. मग ऑर्डरी येतात, आणि नाताळपर्यंत तो भाव हलत नाही. वीस वर्षं मी हे पाळलं. तोंडानं फटकळ पण शब्दाची पक्की, असं माझ्या सासरचेही म्हणतात, आणि ते सहसा माझ्याबद्दल चांगलं काही बोलत नाहीत.

त्या वर्षी भाव सांगून घरी आले आणि दोनच दिवसांत तेलाच्या डब्यानं उडी मारली. आमचे हे नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, दिवसभर बातम्या बघतात. म्हणाले, "रुपया घसरलाय. पामतेल बाहेरून येतं, त्याचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. डॉलर महागला की तेल महागणारच."

"तेल अमेरिकेतून येतं होय?"

"नाही गं, मलेशियातून."

"मग हा डॉलर मधे कशाला कडमडला?"

यावर ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी ठरवलं, थांबायचं. आठवड्याभरात बातमी आली, रुपया सावरला. लगेच पिशवी उचलून किराणा दुकान गाठलं. भाव तोच, चढलेला.

"ताई, ह्यो माल महागाईतला हाय," दुकानदार म्हणाला. "स्वस्तातला यायला पंधरा दिस तरी लागत्यात."

"अन् वाढला तेव्हा? तेव्हाही दुकानात जुनाच माल होता की! रातोरात कसा वाढवलात?"

"तवाचं निराळं हुतं," म्हणत त्यानं गल्ल्यावरची माशी हाकलली.

वा रे न्याय! वर जायला लिफ्ट आणि खाली यायला जिना! भांड भांड भांडले, पण थांबण्यात आधीच दिवस गेले होते. मुकाट्यानं चढ्या भावानं डबे उचलले. आता जुन्या भावानं चकल्या दिल्या तर किलोमागं पदरचे पैसे घालावे लागणार होते. हे म्हणाले, भाव वाढव. सांगायला ह्यांचं काय जातंय! वीस वर्षांचा शब्द माझा होता. दोन दिवस मी नुसती भांडी आदळली.

तिसऱ्या रविवारी पुन्हा लिंबाखाली उभी राहिले. "ऐका गं सगळ्या. तेल महागलंय. किलोमागं वीस रुपये जास्त पडतील. नको असेल तिनं सांगावं, मला राग नाही."

मग एक निवृत्त नर्सबाई हसायला लागल्या. "अगं बये, तेल काय फक्त तुझ्याच घरी येतं? आम्ही वाटच बघतोय ही कधी तोंड उघडते त्याची. एरवी पट्टा थांबत नाही, आणि नेमकी इथं मुकी!"

सगळ्या खो खो हसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

गर्दी पांगली तशी एकजण जवळ आली. वसतिगृहात पोळ्या करणारी बाई, दरवर्षी चार किलो नेणारी. नाताळला तिच्या दोन्ही लेकी पोरांना घेऊन येतात. हळूच म्हणाली, "माझ्या दोनच करा, ताई."

"चारच घे. तुला जुना भाव," मी म्हणाले.

"नको. इथं भाव एकच असतो."

मी वहीत दोनच किलो लिहिल्या. तरी चारच किलो बांधून ठेवल्या. ती न्यायला आली, पिशवी उचलल्याबरोबर वजन कळलं तिला. दोन पुडे काढून माझ्या ओट्यावर ठेवले, नव्या भावानं दोन किलोचे पैसे दिले, "मेरी ख्रिसमस, ताई" म्हणाली आणि गेली. मला स्वतःचा असा राग आला की विचारू नका. डॉलर मलेशियापर्यंत जाऊ दे नाहीतर कुठंही, तिच्या घरात तो मीच नेऊन सोडला होता.

तिच्या नातवंडांना त्या नाताळला चकल्या पुरल्या का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.